भास्कररावांचं घरबसल्या मतदान

निवडणूक घ्यावी तर भास्कररावांनीच! निदान भास्कररावांचं तरी असं ठाम मत होतं. शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांनी पादरा तालुक्यातल्या गुजराती गावांत सात निवडणुकांना प्रिसायडिंग ऑफिसर म्हणून काम केलं होतं. आता वय शहाऐंशी, गुडघे संपावर! त्यामुळे या विधानसभेला मतदान पथकच समा भागातल्या त्यांच्या घरी येणार होतं.

"अहो, ते तुमचं मत घ्यायला येताहेत, तुमच्याकडून तपासून घ्यायला नाही," कौशल्याबाईंनी नवऱ्याला आधीच बजावलं.

पथक आलं. हेतलबेन नावाची तरुण शिक्षिका, एक मदतनीस, एक व्हिडिओवाला आणि एक पोलीस. भास्कररावांनी दारातच चौघांची ओळखपत्रं मागितली! कौशल्याबाईंनी चिवडा आणला, तर तो आल्या पावली परत. "मतदाराच्या घरचं खायचं नसतं!" भास्कररावांनी नियम सांगितला. पोलिसाने चिवड्याकडे सुटलेल्या बसकडे बघावं तसं बघितलं.

टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला.

"कपाटाच्या आरशात दिसतंय!" भास्कररावांनी हरकत घेतली. आडोसा फिरला. "आता खिडकीतून दिसतंय!" पुन्हा फिरला. शेवटी गुप्ततेसाठी कौशल्याबाईंचीच रवानगी जिन्यात झाली, चिवड्याच्या ताटासकट!

दारात पोलीस आणि जिन्यात वहिनी पाहून शेजारचे जनार्दन हबकले. "वहिनी, धाड पडली की काय?"

"पडली नाही, ह्यांनीच घातलीय!"

आत हेतलबेनने एक अर्ज पुढे केला. "दादा, अहीं सही करी दो."

पेन हातात आलं आणि भास्करराव खुलले. "आमच्या वेळी लोखंडी पेट्या, बेन! खोलीभर लाखेचा वास. गावातल्या बायका डोक्यावरचा पदर सावरत यायच्या आणि कडेवरचं पोर माझ्या मांडीवर ठेवून मत द्यायला जायच्या. एकदा तर एकदम तीन पोरं! मी आपला रांगेला ओरडतोय आणि पोरं मला ओरडताहेत!"

हेतलबेन खळखळून हसली. "अमे तर फक्त मशीनच पाहिलं, दादा."

भास्करराव मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेले. गुलाबी कागद, हातात तीच करकर. किती वर्षांनी! क्षणभर त्यांना वाटलं, बाहेर रांग उभी आहे. त्यांनी झोकात काम उरकलं, घडी घातली, पाकीट चिकटवलं, पेटीत सोडलं. पथक जिना उतरू लागलं.

कौशल्याबाई आत आल्या तर भास्कररावांचा चेहरा पांढराफटक.

"अगं, तेव्हा प्रत्येक मतपत्रिकेच्या मागे मला सही करावी लागायची. शेकडो सह्या! हाताला सवयच लागलेली..."

"मग?"

"मी आत्ताही केली!"

मतदार ओळखू आला की मत बाद! भास्करराव गॅलरीत धावले. गुडघ्यांनाही आश्चर्य वाटलं असेल! हाक ऐकून हेतलबेन धापा टाकत वर आली आणि ऐकून तिचाही चेहरा पडला. "पण दादा, आता पेटी ना खुले."

"खोलायचीच नाही!" भास्करराव गरजले. "खोललीत तर मीच तक्रार करीन!"

हेतलबेनने वाकून नमस्कार केला आणि ती गेली. भास्करराव खुर्चीत मटकन बसले. कौशल्याबाईंनी चिवड्याचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं.

"नुसती गिचमिड सही असेल तर कुणाला कळणार आहे?"

"गिचमिड कशी? पूर्ण नाव घातलंय. खाली तारीख."

"आणि हुद्दा?"

भास्कररावांनी चिवड्यातला एक शेंगदाणा बराच वेळ चावला.

"...तोसुद्धा."