सोनकांबळे साहेबांची राखीव चावी

सोनकांबळे साहेबांच्या नाकावर एक चष्मा असतो, शर्टाच्या खिशात दुसरा असतो आणि घरी कपाटात तिसरा. पहिला घालायचा, दुसरा पहिल्याचा राखीव आणि तिसरा दुसऱ्याचा राखीव. मग तिसऱ्याचा राखीव कुठे आहे, असं मी एकदा गमतीनं विचारलं. साहेब पुढच्या महिन्यात चौथा चष्मा घेऊन आले. तेव्हापासून मी त्यांना कशाबद्दलही प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

नांदेडात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. साहेब सरकारी भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारे. हदगावपासून धर्माबादपर्यंतची शिवारं पायाखाली घालून निवृत्त झाले. आता घरात एकटेच असतात. बैठकीत बाबासाहेबांची तसबीर आहे आणि शेजारी त्यांच्या वारलेल्या पत्नीचा फोटो. मी चार वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आलो. पोस्टात काउंटरवर बसणारा साधा कारकून, पण साहेब मला पहिल्या दिवसापासून 'पोस्टमास्तर' म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. नंतर थकलो.

"एक चालू, एक राखीव" हे त्यांचं ब्रीद. गॅसचे रेग्युलेटर दोन, कुकरच्या रिंगा दोन, छत्र्या दोन. आमच्याकडचा बल्ब उडाला की माझी बायको दुकानात जात नाही, साहेबांच्या दारात जाते. साहेब बल्ब देतात, पण नवा राखीव आणेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो.

दुसरी खोड नोटिशीची. मोजणीच्या आधी लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस द्यावी लागते. हे काम जन्मभर केल्यामुळे साहेबांना कुणाला नुसतं 'या हो' म्हणता येत नाही. पाण्याची टाकी धुवायची असली तरी दाराखालून कागद सरकतो : 'रविवार रोजी सकाळी सात वाजता आपण समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' एकदा मी मुद्दाम दार उघडलं नाही. पुढील कार्यवाही अशी झाली, की साहेब मागच्या दारानं आले, बायकोनं केलेला चहा प्यायले आणि माझ्या उशाशी बसून राहिले.

आठवड्याचे सहा दिवस मी शिक्के मारतो. सातव्या दिवशी मला फक्त आडवं पडायचं असतं. पण गेले तीन-चार महिने माझे रविवार एका चावीनं खाल्ले.

साहेबांची गाडी बटणावर सुरू होणारी आहे. चावी खिशात असली की दाराला हात लावताच दार उघडतं. ही चावी एक दिवस पाण्याच्या बादलीत पडली. तीन दिवस तिला तांदळाच्या डब्यात ठेवलं, तोवर गाडी जागची हलली नाही. चावी सुधारली, पण साहेब बिघडले.

"पोस्टमास्तर, लई मोठी चूक झाली. समद्याचं राखीव हाय, आन् गाडीचीच चावी एक?"

"नवी गाडी घेतली तेव्हा दोन दिल्या असतील ना?"

"दिल्या व्हत्या," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी पुढे विचारलं नाही. कारण वर सांगितलंच आहे.

आधी आम्ही वजीराबादेतल्या चावीवाल्याकडे गेलो. त्यानं चावी उलटीसुलटी केली. "साहब, इसको दाते कहाँ हैं? मैं घिसू क्या?" मग शोरूम. तिथे कळलं की या गाडीला एटीएम कार्डाएवढी सपाट चावीही मिळते, पाकिटात बसणारी. साहेबांनी एका क्षणात सांगितलं, "तीच पायजे. तसलीच." अर्ज, गाडीचं पुस्तक, आधार, सगळ्याची मागितली होती एकेक प्रत, साहेबांनी दिल्या तीन-तीन. काउंटरवरच्या मुलीनं जास्तीच्या प्रती परत दिल्या, तर साहेब तिला म्हणाले, "असू द्या बाई, तुमच्याकडच्या हरवल्या म्हंजे?"

दीड महिन्यानं कार्ड आलं. साहेबांनी ते पाकिटात ठेवलं आणि गाडीच्या दाराला हात लावला. दार ढिम्म. शोरूमवाला म्हणाला, "साहेब, हे अजून कोरं आहे. गाडीला याची ओळख करून द्यावी लागते. मशीन लावून. आणि ते मशीन चालवणारे आमचे तंत्रज्ञ लातूरला बसतात."

त्या आठवड्यात दाराखालून कागद आला. मी तो न वाचताच बायकोच्या हातात दिला आणि डब्याचं सांगितलं.

नांदेड ते लातूर जायला आम्हाला चार तास लागले. साहेब गाडी सावकाश चालवतात आणि दुतर्फा दिसणाऱ्या प्रत्येक बांधाबद्दल बोलतात. "हा बांध सरकवलेला हाय." "ह्या आडापायी दोघं भाऊ कोर्टात गेले." लोह्याच्या पुढे मी डोळे मिटून घेतले. अहमदपूरला उघडले तेव्हा साहेब तिसऱ्याच कुणाचा बांध सांगत होते.

लातूरचा तंत्रज्ञ चाळिशीचा, शांत माणूस होता. रविवार असून मुद्दाम थांबला होता.

"कोणत्या गावचे तुम्ही?" साहेबांचा पहिला प्रश्न.

"शिरूर अनंतपाळ."

"गट नंबर?"

त्यानं बिचाऱ्यानं सांगितला. साहेब खूश झाले. मग त्यानं स्टिअरिंगच्या खाली वायर जोडली, हातात टॅबसारखं मशीन धरलं आणि म्हणाला, "गाडीच्या सगळ्या चाव्या इथं समोर ठेवा."

साहेबांनी जुनी चावी ठेवली. शेजारी कोरं कार्ड ठेवलं.

"गाडीत दोन जुन्या चाव्यांची नोंद आहे. दुसरी कुठं आहे?"

"हाय."

"हरवली का?"

"हरवली न्हाई. हाय एका कब्जेदाराकडं."

"मग आणायला पाहिजे होती. ह्या गाडीचं असं आहे साहेब, नवी चावी घालताना जेवढ्या समोर तेवढ्याच गाडी लक्षात ठेवते. समोर नाही ती पुसून टाकते."

"पुसून टाकते म्हंजे?"

"म्हणजे गाडी तिला विसरते. काळजी नको, उलट चांगलंच आहे. बाहेर कुणाकडं असली तरी गाडी चोरीला जायची भीती नाही. करू सुरू?"

साहेबांनी त्याचा हात धरला. "थांबा. समजा ते माणूस चावी घेऊन गाडीपाशी आलं. दाराला हात लावला. तर?"

"उघडणार नाही."

साहेब थोडा वेळ गाडीच्या दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही चाव्या उचलल्या, एक एका खिशात, दुसरी दुसऱ्या खिशात, आणि म्हणाले, "तहकूब."

"काय?"

"आजचं काम तहकूब. चला पोस्टमास्तर."

मला राग यायलासुद्धा त्राण नव्हतं. चार तास येऊन पाच मिनिटांत परत. वाटेत साहेबांनी एकाही बांधाबद्दल काही सांगितलं नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. अहमदपूरच्या स्टँडसमोर चहाला थांबलो तेव्हा मी माझा नेम मोडून प्रश्न विचारला. जरा चढ्या आवाजातच विचारला.

"साहेब, हा कब्जेदार कोण आहे?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझी लेक हाय. प्रज्ञा."

मी चार वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पण नाव मला माहीत होतं. दर उन्हाळ्याच्या तोंडाला साहेब माझ्या काउंटरवर एक छोटं पाकीट आणत. हैदराबादचा पत्ता, प्रज्ञा असं नाव, आडनाव दुसरंच. पोचपावती लावून पाठवायला सांगत. आत काहीतरी कडक, बटणासारखं लागायचं. असे तीन शिक्के मी माझ्या हातानं मारले होते.

"आई गेली तवा सातवीत व्हती. मीच वाढवली. ही गाडी तिनंच पसंत केली, तीच आधी शिकली. कार्डाची चावी तिच्या पर्समधी, साधी माझ्याकडं. मंग हैदराबादला नोकरी लागली. तिकडंच लग्न केलं, रजिस्टर. मला झाल्यावर कळलं." साहेब हसल्यासारखं करून म्हणाले, "कार्यालयाच्या फळ्यावर महिनाभर नोटीस लावली व्हती म्हनं. फळा हैदराबादला, मी नांदेडला. जिंदगीभर मी समद्यांना नोटिसा दिल्या हो. बांधाला बांध असलेल्या एकाला बी वगळलं न्हाई. आन् माझ्या पोरीनं मला एक नोटीस दिली न्हाई."

"मग?"

"मंग मी लई बोललो. नको ते बोललो. ती गेली. चावी पर्समधीच राहिली."

"आणि ते पाकीट?"

"त्या चावीत गोल सेल असतो, वर्षा-दोन वर्षांत उतरतो. मी माझ्या चावीला आणतो तवा तिला बी एक पाठवतो."

"सोबत चिठ्ठी?"

"चिठ्ठी कामून? सेल बघून कळतंय की."

त्यांनी मागच्या सीटवरून फाईल आणायला लावली. त्यात तीन पोचपावत्या होत्या आणि प्रत्येकीच्या दोन-दोन झेरॉक्स. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "ही पहिल्या सालची सही. नुसती रेघ ओढली. दुसऱ्या सालची बरी हाय. ही यंदाची बघा, पूर्ण नाव लिवलंय. सावकाश केलेली सही हाय ही. मोजणीत मी लाखानं सह्या बघितल्या, मला कळतंय."

माझा सगळा शीण कुठे गेला कुणास ठाऊक. मी उगाच चिडून म्हणालो, "अहो, मग चावी मागवून घ्या ना तिच्याकडून! कुरिअरनं दोन दिवसांत येईल."

साहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कुणाचा बांध फोडला होता. "चावी परत मागू? तिला काय वाटंल, पोस्टमास्तर? आपल्या बापानं चावी काढून घेतली, असं वाटंल."

हे खरंच होतं. मागावी तर असं, पुसावी तर तसं. आम्ही दोघंही थंड झालेल्या चहाकडे बघत बसलो. एक एसटी आली, लोक उतरले, गेली.

"साहेब," मी म्हणालो, "लगतच्या कब्जेदाराला नोटीस न देता तुम्ही कधी मोजणी केली का?"

"बिलकुल न्हाई. कायद्यात बसत न्हाई."

"तंत्रज्ञ काय म्हणाला? सगळ्या चाव्या समोर पाहिजेत. चावी पाठवा असं नाहीच म्हणाला तो. समोर पाहिजेत, एवढंच म्हणाला."

साहेब फाईल काखेत मारून उठले. गाडी सुरू केल्यावर लोह्याच्या अलीकडे म्हणाले, "हा बांध सरकवलेला हाय." मला हायसं वाटलं.

मंगळवारी ते काउंटरवर आले. पाकीट उघडं होतं. मागची रांग ताटकळत ठेवून म्हणाले, "मसुदा बघून घ्या. चूक नको."

आत कागदाला चिकटपट्टीनं एक गोल सेल चिकटवलेला होता. वरती साहेबांचं वळणदार मोजणीदारी अक्षर :

'नोटीस. कळविण्यात येते की, सदर वाहनास नवीन चावीची नोंद घ्यावयाची आहे. तरी आपण आपल्या ताब्यातील चावीसह येत्या कोणत्याही रविवारी सकाळी सात वाजता नांदेड येथील राहते घरी समक्ष हजर राहावे. सोबत जावईबापूंनी हजर राहण्यास हरकत नाही. पंच म्हणून शेजारचे पोस्टमास्तर हजर राहतील.'

शेवटची ओळ ठरलेलीच असणार, म्हणून मी घाईनं नजर फिरवली आणि तिथेच थांबलो. 'गैरहजर राहिल्यास आपली काही हरकत नाही असे समजून' एवढं लिहून साहेबांनी खोडलं होतं. खाली नव्यानं लिहिलं होतं :

'आपण गैरहजर राहिल्यास काम तहकूब ठेवण्यात येईल. आपल्या गैरहजेरीत कोणतीही नोंद कमी केली जाणार नाही.'

"चूक हाय का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मी पाकीट बंद केलं, वजन केलं, पोचपावती लावली, शिक्का मारला. साहेबांनी खिशातून दुसरं पाकीट काढलं. तोच पत्ता, तेच अक्षर, आत तसाच सेल.

"हे कशाला?"

"राखीव. पहिलं गहाळ झालं म्हंजे?"

एरवी मी पोस्टाची बाजू घेऊन भांडलो असतो. त्या दिवशी दुसऱ्यावरही शिक्का मारला.

पोचपावत्या परवा आल्या, दोन्ही एकाच दिवशी. दोन्हींवर सही आहे, पूर्ण नावाची. त्यापेक्षा जास्त काही नाही. साहेबांनी झेरॉक्स काढून फाईलला लावल्या.

कोणताही रविवार, असं लिहून साहेबांनी माझे पुढचे सगळे रविवार घेऊन टाकलेत. आज सकाळी दाराखालून कागद आला नव्हता. तरी मी साडेसहाला अंघोळ केली, चपला घातल्या आणि पलीकडे गेलो. गाडी पुसून ठेवलेली होती. साहेब पायरीवर बसले होते. शेजारी त्यांनी जुनी चावी ठेवली होती, तिच्याजवळ कोरं कार्ड, आणि मधे एका चावीची जागा सोडली होती. मी त्यांच्या शेजारी बसलो. आमच्या घरातून बायकोनं चहा पाठवला तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तीन कप जास्तीचे होते, त्यातला एक राखीव असणार. मी काही विचारलं नाही.