नावेतली कोळंबी

मारेन टोलेफसनचं पत्र वसंतात आलं होतं आणि वेंडेल ह्रुस्काने त्याला उत्तर दिलं नव्हतं. 'सर, विद्यापीठ आमचा नौकानयनाचा संघ बंद करतंय. तुम्ही एके काळी या संघाचे कॉक्स होता. विश्वस्तांच्या बैठकीत येऊन दोन मिनिटं बोलाल का?' एवढंच. उत्तराचे खर्डे मात्र पुष्कळ झाले. एकात वेंडेल फार रागावलेला वाटत होता, दुसऱ्यात फार भित्रा, तिसऱ्यात स्वल्पविरामच जास्त झाले. तोवर बैठक उरकली आणि संघ बंद झाला.

"जन्मभर ग्रंथालयात लोकांना गप्प करत बसलास, आता बोलणार कुठून?" त्याची बायको व्हर्ना म्हणाली.

कॉक्स म्हणजे नावेच्या शेपटाशी बसून सुकाणू धरणारा आणि आठ वल्हेकऱ्यांवर ओरडणारा हलकाफुलका माणूस. वेंडेल आयुष्यात ओरडला तो तेवढाच. घरात मीठ मागायचं तरी आधी घसा खाकरायचा.

पण संघ का बंद झाला ते वाचून त्याचं डोकं फिरलं होतं. फुटबॉलचा कोच सतत हरला म्हणून त्याला काढला होता, आणि करारामुळे न शिकवण्याचा पगार त्याला आणखी तीन वर्षं द्यायचा होता. नवा कोच त्याहून महाग. मग काटकसर कुणावर? तर पदरच्या पैशांनी मोजे घेऊन पहाटे गारठलेल्या तळ्यावर वल्ही मारणाऱ्या पोरांवर!

"तो घरी बसून खाणार, म्हणून यांनीही घरी बसायचं!" वेंडेल कडाडला. समोर फक्त टोस्टर होता.

पानगळीत दुसरं पत्र आलं. फुटबॉलपटूंच्या नव्या विश्रांतिगृहाचं उद्घाटन, जुन्या खेळाडूंनी अगत्य यावं. वेंडेलला नकाराचाही खर्डा जमेना, म्हणून जावं लागलं.

आत चामड्याच्या आरामखुर्च्या होत्या, भिंतीएवढे टीव्ही होते, केस कापायला स्वतंत्र खोली होती. आणि मधोमध, लाकडी टेकूंवर, त्याची नाव होती. तीच जुनी, लाकडी, लांबलचक. तिच्या पोटात बर्फ पसरून कोळंबी मांडली होती. कॉक्सच्या बैठकीवर चटणीचं भांडं.

"झकास ना?" क्रीडासंचालक कल्हून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. "नव्या नावा विकल्या, हिला कुणी घेईना. म्हटलं, फेकायची कशाला? परंपरा जपायला हवी! घ्या की कोळंबी."

"नॅपकिन, सर?" शेजारून कुणीतरी विचारलं. काळा एप्रन, छातीवर पट्टी: मारेन.

"मारेन? तू... इथे?"

"अख्खा संघ आहे. तासावर घेतलंय आम्हाला. पाण्यावर तोल सांभाळलेला, ट्रे काय पडतोय!"

"मी वेंडेल ह्रुस्का. तुझं पत्र..."

"असू दे, सर. पोचलं नसेल, असं धरलं मी."

हे त्याला सर्वांत झोंबलं. "पोचलं होतं," तो म्हणाला.

तेवढ्यात कल्हूनने त्याच्या हातात माईक कोंबला. "आपले जुने कॉक्स! दोन मिनिटं बोला!"

वेंडेलने घसा खाकरला. नजर चटणीच्या भांड्यावर गेली, आणि साठ वर्षं आत कोंडलेला आवाज बाहेर पडला.

"संघ! नावेला हात!"

आठ ट्रे खाली टेकले. कॉक्सचा हुकूम आधी पाळायचा, विचार मागून करायचा, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं.

"उचला!"

"अहो, हे काय चाललंय?" कल्हून म्हणाला.

"डोक्यावर!"

नाव डोक्यावर घ्यायची म्हणजे उलटी करावीच लागते. एरवी त्यातून तळ्याचं पाणी सांडतं, आज कोळंबी सांडली. बर्फ विश्वस्त मंडळाच्या चेअरमनबाईंच्या मांडीवर, चटणी कल्हूनच्या बुटांवर.

"ठेवा खाली! मी सांगतोय, ठेवा!" कल्हून ओरडला.

एकही हात हलला नाही.

"त्यांचा दोष नाही," वेंडेल माईकमध्ये अदबीने म्हणाला. "नाव डोक्यावर असली की ते फक्त कॉक्सचं ऐकतात." मग तो पुन्हा गरजला, "दाराकडे! पायाखाली कोळंबी आहे, जपून!"

संघ काही पुन्हा सुरू झाला नाही. विद्यापीठाकडून आलं ते गालिचा धुण्याचं बिल, आणि व्हर्नाने ते कौतुकाने फ्रिजवर चिकटवलं. नाव तिच्या भावाच्या गोठ्यात ठेवली आहे. पोरं ती तिथून तळ्यावर नेतात आणि विद्यापीठाचं नाव न लावता शर्यतीला उतरतात. सुरुवातीला फक्त कॉक्स नव्हता.

मग एका रविवारी वेंडेलने एकच खर्डा केला.

'प्रिय मारेन, तुझं वसंतातलं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याची लाज वाटते. येतो. सुकाणू धरीन, आणि, ओरडेनही. शर्यत जिंकली की कॉक्सला पाण्यात फेकायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. मला अजून पोहता येत नाही. तरी फेका.'

एक स्वल्पविराम जास्त झाला होता. तो तसाच ठेवून वेंडेलने पाकीट टपालपेटीत टाकलं.