सातवी फ्लॉपी आणि झाकण संस्थेची अभेद्य सुरक्षा

भिंतीला भोक आढळल्यास ते बुजवण्याआधी त्याची रीतसर नोंद करावी, हे सुधारलेल्या समाजाचं पहिलं लक्षण आहे. नुसतं बुजवायला काय, कुठलाही गवंडी बुजवेल. नोंदीला कार्यालय लागतं.

असं एक कार्यालय १९९८ साली बंगळूरला, बेळ्ळंदूर तळ्याच्या अलीकडे, भातशेतांच्या मधोमध उभं होतं: राष्ट्रीय झाकण संशोधन संस्था. बाटली असो, डबा असो की बरणी, तिचं झाकण कसं बसावं हे इथे ठरत असे. अकरा हजार झाकणांची मापं संस्थेच्या एकुलत्या एका संगणकात होती, आणि त्या संगणकाचे देखभाल अधिकारी होते पद्माकर खांबेटे. मूळचे साताऱ्याचे, पण पंधरा वर्षं राजाजीनगरात राहिलेले. रोज दोन बस बदलून यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि मगच संगणकाच्या खोलीत शिरायचे (संगणकाला धूळ चालत नाही, असं संचालकांनी कुठेतरी वाचलं होतं. संचालकांची सिगारेट त्याला चालत असे).

तर फेब्रुवारीत एक पाकीट आलं. संगणकाची मूळ प्रणाली जुनी झाली आहे (वय वर्षं तीन, म्हणजे संगणकांत पणजोबाच) आणि तिच्यात एक गंभीर भोक आहे, असं त्यातल्या पत्रात लिहिलं होतं. पासवर्ड विचारला की नुसतं एस्केपचं बटण दाबायचं. संगणक मुकाट्याने आत घेतो. खांबेटे वाचून ओशाळले. संस्थेत त्याला भोक म्हणत नसत, दार म्हणत असत. सगळे तिथूनच जात.

भोक बुजवायला सोबत नऊ फ्लॉप्या होत्या, आणि त्यांना टाचलेला मुख्यालयाचा आदेश: सुरक्षा सुधारणा ३१ मार्चपर्यंत बसवावी. न बसल्यास संगणक निकामी धरण्यात येईल, त्याला जोडलेलं पद रद्द होईल आणि पदावरच्या व्यक्तीची रवानगी ओरिसातल्या कोरापूट शाखेत होईल.

खांबेट्यांनी घरी सांगितलं तेव्हा नयनाबाई मेथी निवडत होत्या.

"कोरापूट?" त्या म्हणाल्या. "आपली प्रांजली जूनमध्ये दहावीत जातेय. आम्ही दोघी इथून हलायच्या नाही. तुम्ही जा खुशाल, लोणच्याची बरणी देते बरोबर."

खांबेट्यांना स्वतःचा चहा करता येत नव्हता. ते मनापासून घाबरले.

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. पहिल्या सहा फ्लॉप्या लोण्यासारख्या गेल्या. सातवी घातली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: कृपया सातवी फ्लॉपी घाला. खांबेट्यांनी ती बाहेर काढली, सातवीच आहे ना ते पाहिलं, पडद्यासमोर धरून त्यालाही दाखवली आणि परत घातली. कृपया सातवी फ्लॉपी घाला. यंत्र असूनही त्याची सभ्यता शेवटपर्यंत सुटली नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे.

अशा प्रसंगासाठी संस्थेत दोषनिवारण नोंदवही होती. तिच्यात 'कारण' नावाचा रकाना होता आणि त्यात 'माहीत नाही' असं लिहायला मनाई होती. त्यामुळे कारण शोधायला पाच जणांची समिती नेमावी लागली. समितीच्या देखरेखीखाली तीन आठवड्यांत एकूण ४१ प्रयत्न झाले. बंद करून पुन्हा चालू करणं: १४. बंद करून, चहा पिऊन, पुन्हा चालू करणं: ९. खोली आणखी गार करून: ६. संचालकांना सर्दी झाल्यामुळे खोली कमी गार करून: ६. राहुकाळ टाळून: ५. संचालकांच्या शुभहस्ते: १. यशाचं प्रमाण शून्य टक्के भरलं, पण सातत्य शंभर टक्के होतं, आणि समितीने त्याबद्दल समाधान व्यक्त केलं.

"खांबेटे सर, स्वल्प शांत ऱ्हावा की," शिपाई यल्लाप्पा सांगे. तो बेळगावकडचा, संस्थेतला सगळ्यात जुना माणूस. "मशीन हाय ते. रुसतंय."

संगणकाचं झाकण उघडून आत बघावं, असं मात्र कुणी सुचवलं नाही. झाकणावर भांडार विभागाची कागदी मोहोर चिकटवलेली होती आणि ती काढायच्या परवानगीला सात आठवडे लागत. देशाची झाकणं ठरवणाऱ्या संस्थेला स्वतःचं एक झाकण उचलता येऊ नये, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

२४ मार्चला समितीने अहवाल दिला. त्यातला युक्तिवाद बिनतोड होता. सुधारणा येण्याआधीच्या तीन वर्षांत संगणकाने दाखवलेल्या चुका: शून्य. सुधारणा आल्यानंतरच्या तीन आठवड्यांत: ४१. अर्थात, धोका भोकात नसून सुधारणेत आहे, आणि संगणकाचं या सुरक्षेपासून तातडीने संरक्षण केलं पाहिजे. खाली पाच सह्या होत्या. अहवाल मान्य करायचा की खांबेट्यांना कोरापूटला धाडायचं, हे ठरवायला मुख्यालयातून सूर्यकांत नावाचे निरीक्षक ३१ तारखेला येणार होते.

खांबेट्यांचा जीव टांगणीला लागला. २९ मार्चला, रविवारी दुपारी, ते जेवणाचा डबा आणि पेचकस घेऊन एकटेच संस्थेत गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते नियम मोडत होते, त्यामुळे चपला तरी त्यांनी नियमाप्रमाणे बाहेरच काढल्या. चहाच्या किटलीच्या वाफेवर मोहोर अलगद सोडवली, झाकण उचललं आणि फ्लॉपी जाते त्या खणात डोकावून पाहिलं.

आत कुंकू होतं. अक्षता होत्या. आणि अगदी टोकाला, ऐटीत बसलेला, एक चुरमुरा होता.

दर वर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला यल्लाप्पा संस्थेतल्या यंत्रांची पूजा करी. दारात कोहळा फोडी, सगळ्यांना चुरमुरे वाटी, आणि चिमूटभर नैवेद्य संगणकाच्या तोंडातही सारी. 'वरीसभर कायबाय गिळतंय बिचारं, सणाला तरी खायला नको?' असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते ऐकून सगळ्यांचे, खांबेट्यांचेसुद्धा, हात जोडले जात. पहिल्या सहा फ्लॉप्या अर्धवटच भरलेल्या होत्या. सातवी मात्र काठोकाठ. ती वाचायला यंत्राला खणाच्या टोकापर्यंत जावं लागे, आणि टोकाला प्रसाद होता.

खांबेटे रिकाम्या खोलीत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग चुरमुरा जपून खिशात ठेवला (प्रसाद टाकवेना), खण पुसला आणि सातवी घातली. गेली. आठवी गेली. नववी गेली. भोक बुजलं. डब्यातल्या भाताची शितं लावून त्यांनी मोहोर होती तशी चिकटवली. परतीच्या बसमध्ये ते इतके खुशीत होते, की त्यांनी उठून दोघांना जागा दिली.

राजाजीनगर आलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं तर मोहोर तोडली हे कबूल करावं लागणार, आणि पाच सह्यांचा अहवाल खोटा पडणार. पाच साहेबांना खोटं पाडणारा माणूस कोरापूटलासुद्धा थांबत नाही, पुढे जातो.

मंगळवारी सूर्यकांत आले. अहवाल त्यांना आवडलाच होता. "जरा चालू करून दाखवा," ते म्हणाले. संगणकाने पासवर्ड विचारला आणि खांबेट्यांनी सवयीने एस्केप दाबलं.

पासवर्ड चुकीचा आहे, असं संगणक म्हणाला.

संचालकांनी दाबून पाहिलं. मग सूर्यकांतांनी स्वतः दाबलं (मुख्यालयातही आत जायची रीत तीच होती). संगणक ऐकेना.

"आत कोण बसलंय की काय?" यल्लाप्पा म्हणाला.

पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. खांबेट्यांच्या आधी त्या पदावर असलेले शिवाप्पा निवृत्त होऊन के. आर. पुरमला राहत होते. त्यांना फोन लावला.

"पासवर्ड?" शिवाप्पा म्हणाले. "अय्यो, मी पण एस्केपच दाबत होतो."

खांबेट्यांना वळकटी दिसली, लोणच्याची बरणी दिसली.

सूर्यकांतांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी शेरा लिहिला: सुधारणा न बसवताही या संगणकात आता कोणीही शिरू शकत नाही (कर्मचारीदेखील नाहीत). सुरक्षा संपूर्ण. समितीचं अभिनंदन. पासवर्ड शोधण्यासाठी श्री. खांबेटे यांचं पद चालू ठेवावं. त्यांनी रोज तीन पासवर्ड टाकून पाहावेत. पासवर्ड सापडताच पद आपोआप रद्द होईल आणि कोरापूटचा आदेश लागू होईल.

(त्या वर्षापासून डब्यांची झाकणं नीट का बसत नाहीत, हा प्रश्न आता निकालात निघावा.)

नयनाबाईंनी शेरा दोनदा वाचला. "अहो, मग आधी कुठले टाकायचे नाहीत ते लिहून काढा," त्या म्हणाल्या, आणि प्रांजलीची कोरी वही पुढे केली.

त्या वहीचे दोन भाग झाले. पहिला, रोज टाकायचे: घोरपड, दुधीभोपळा, त्रिकोणमिती, आणि असेच इतर, जे शहाणासुरता माणूस कधी ठेवणार नाही. दुसऱ्या भागात लाल शाईने मथळा होता: 'चुकूनही टाकू नये. हटकून उघडेल.' त्याच्याखाली, माणसं हमखास काय ठेवतात याचा अभ्यास करून, खांबेट्यांनी सगळं नीट मांडलं. बायकोचं नाव. मुलांची नावं. जन्मतारखा. घराचा नंबर. देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

अकरा वर्षं त्यांनी इमानेइतबारे रोज तीन चुकीचे पासवर्ड टाकले. प्रांजलीची दहावी झाली, बारावी झाली, इंजिनिअरिंग झालं, लग्नही राजाजीनगरातच लागलं. खांबेटे निवृत्त झाले तेव्हा संगणक बंदच होता. यल्लाप्पाने त्यांना हार घातला आणि चुरमुरे दिले.

ती वही अजून आहे. तुम्ही एवढा वेळ हसत होतात, हसा. तुमचा पासवर्ड काय, हे आम्ही विचारत नाही. तो दुसऱ्या भागात आहे, पहिल्याच पानावर, वरून चौथा.