खाली ट्रे नव्हता

"आता धुळीची काय बिशाद आहे या घरात पाऊल टाकायची!" लेकीच्या खिडकीला स्वतः बनवलेला पडदा ठोकून संशोधकांनी जाहीर केलं.

पडदा म्हणजे केसाहून बारीक धाग्यांची जाळी. हवा आत येई, धूळ बाहेरच अडके. वर पाणी ओतलं, तर पडदा भिजत नसे. थेंब घरंगळत आणि जाताना धुळीला बखोटीला धरून घेऊन जात. समोरच्या रस्त्यावर ट्रकांची सतत रीघ. खिडकी उघडली की पोरगी खोकून खोकून बेजार होई. तिच्यासाठीच तर हा सारा खटाटोप!

आठवडाभर खिडकी उघडी राहिली आणि पोरगी एकदाही खोकली नाही. पडदा मात्र तव्याच्या बुडासारखा झाला.

"अहो, हा धुणार कोण?" बायकोने विचारलं.

"धुवायचा नाही! तो आपला आपण साफ होतो. बघच."

प्रयोगशाळेत ते चारच थेंब टाकत. पण घरच्यांवर चार थेंबांनी कसली छाप पडणार? त्यांनी गॅलरीतून अख्खी बादली पडद्यावर ओतली. काळं पाणी सरसर उतरलं. पडदा पांढराशुभ्र! लेकीने टाळ्या पिटल्या.

आणि खालून किंकाळी आली.

प्रयोगशाळेत पडद्याखाली ट्रे असतो. इथे खाली निवृत्त मुख्याध्यापिका चादरी वाळत घालत होत्या.

"खाली या!"

संशोधक उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे जाऊन उभे राहिले. "बाई, पडदा मात्र अगदी स्वच्छ झालाय."

"आणि मी?"

बाईंनी गालावरचा काळा ओघळ बोटाने टिपला, निरखून पाहिला. "हे सगळं हवेत होतं?"

"एका आठवड्याचं, बाई."

"म्हणजे एरवी माझ्या छातीत जातं!" बाईही वर्षानुवर्षं खिडक्या लावूनच बसत. त्यांचा आवाज उतरला. "मलाही असा एक करून द्या. पण आधी चादरी!"

संशोधक नळाखाली उकिडवे बसले. चादरींना आपलं आपण साफ होण्याची अक्कल नव्हती, त्यामुळे संध्याकाळ झाली. शेवटची चादर दोरीवर टाकताना वरून लेकीचा आनंदी आवाज आला.

"बाबा, अजून धूळ उरलीय का बघू?"

"अगं, थांब!"

पाणी अगदी स्वच्छ होतं. आणि या खेपेला खाली ट्रेही होता. ते स्वतः.