नेरकर नानांचा एकमेव खरा शोध

नेरकर नानांच्या माहितीपटात लढाई आली की पडद्यावर म्हशी यायच्या. म्हणजे म्हशी दिसायच्या नाहीत, त्यांनी उडवलेली धूळ दिसायची. धुळ्याच्या देवपुरातल्या एका गवळ्याचा कळप संध्याकाळी पांझरेच्या कोरड्या पात्रातून परतायचा, तेव्हा नाना चावीचा कॅमेरा घेऊन पालथे पडलेले असायचे. त्या धुळीवर मागून निवेदन यायचं, ‘आणि शत्रूची दहा हजार घोडी उधळली.’ एकदा निवेदनाच्या मधोमध एक रेडकू हंबरलं. नानांनी ते तसंच ठेवलं. म्हणाले, “घायाळ हत्ती समजतील लोक. नोंद घ्या.”

‘नोंद घ्या’ हे ते प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचे. भाजीवालीला वांगी किडकी आहेत म्हणून सांगतानाही.

मी त्यांचा शेजारी. धुळ्याच्या भूमापन कचेरीत कारकून होतो आणि मोडी वाचता येणारा बहुधा शेवटचा. नाना स्वतःला इतिहाससंशोधक म्हणवायचे, पण मोडीचं एक अक्षर त्यांना लागत नसे. दर रविवारी कागदांचं गाठोडं काखेत मारून ते माझ्या ओट्यावर यायचे. मी वाचायचो आणि ते मान डोलवायचे. छापून यायचं ते मी वाचलेलं कधीच नसायचं. एका कागदात विहिरीच्या गाळ उपशाचा हिशोब होता. पुस्तकात ती विहीर हत्तींची न्हाणी झाली. विहिरीचे मालक, एक मारवाडी शेठजी, हात जोडून नानांच्या दारी आले. “नानासाहेब, लोक हत्तीचं पाऊल बघायला येतात आणि माझी फुलझाडं तुडवतात.” नाना म्हणाले, “इतिहासापुढे फुलझाडांची काय मातब्बरी?” त्याच पुस्तकात पांझरेवरचे बंधारे त्यांनी ग्रीकांकडून बांधून घेतले होते.

त्यांच्यावर मोर्चे निघायचे. एकदा पुस्तकाची होळी झाली, तर हे स्वतः तिथे हजर. प्रती कमी पडल्या म्हणून घरून आणखी दोन घेऊन गेले. ज्या पुस्तकावर मोर्चा निघत नसे, ते त्यांना पोरकं वाटे. माझी बायको म्हणायची, “या माणसाला शिव्या दिल्या नाहीत तर अन्न पचत नाही.” त्यांना कुणाची कीव यायची नाही आणि मला त्यांची यायची नाही. आमचा शेजार असा बरोबरीचा होता.

सन अडुसष्टच्या सुमाराला चाळीसगावकडच्या एका गावाने नानांना बोलावणं धाडलं. त्या गावात सुभानजी नावाच्या वीराच्या स्मरणाचा कट्टा होता. इंग्रजांविरुद्धच्या बंडात सुभानजी गढीच्या दरवाज्यात एकटा लढला आणि तिथेच पडला, अशी गावाची श्रद्धा. त्याच्यावर माहितीपट हवा होता. नाना आठ दिवस गावात राहिले. सुभानजीची नातसून भागाक्का तेव्हा ऐंशीची होती. तिने त्यांना आठ दिवस उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी करून घातली. नानांनी आक्काचा कट्ट्यावर दिवा लावतानाचा एक तुकडाही टिपला.

परत आले आणि रविवारी नेहमीसारखं गाठोडं घेऊन माझ्या ओट्यावर हजर झाले. धुळ्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या जुन्या दप्तरातले कागद रद्दीत निघाले होते. त्यात एक पत्र होतं. मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. सुभानजीने बुऱ्हाणपुराहून व्यापाऱ्याच्या आजोबांना लिहिलं होतं: दरवाजा पडला तेव्हा मी ओढ्याने निघून आलो. सुखरूप आहे. घरी कळवू नये. मी मेलो असे समजून ते मानाने राहात आहेत.

गढी तीच, गाव तेच, वर्षही जुळत होतं. पत्र अस्सल होतं, हे मी माझ्या नोकरीची शपथ घेऊन सांगितलं असतं. बारा वर्षं थापा मारणाऱ्या माणसाच्या हाती एकदाचं खरं लागलं होतं. नानांनी पत्र माझ्या हातून काढून घेतलं. “आता बघतो मला खोटारडा म्हणणारे,” ते म्हणाले. त्यांनी माहितीपटाचा शेवट बदलला.

खेळ गावच्या शाळेत भर दुपारी ठेवला होता. खिडक्यांना गोणपाटं लावली होती. नानांनी मलाही नेलं, साक्षीदार म्हणून. सुभानजी पळाला असं निवेदन आलं, तसं कुणीतरी पडदा ओढला आणि चादरीसकट बांबू खाली आला. गोणपाटं फाडली गेली. लख्ख उजेडात नाना प्रोजेक्टरशेजारी उभे होते, पिशवी छातीशी धरून. पिशवीत पत्र होतं.

“आते सांग, कोणी सांगं तुले?” गावचे पाटील ओरडले.

मी वाट पाहत होतो. आता हा माणूस पिशवीत हात घालणार, पत्र फडकावणार आणि आपल्याला ते मोठ्याने वाचावं लागणार. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही.

तेवढ्यात गर्दीतून भागाक्का पुढे आली. ओरडली नाही. नानांचा हात धरून म्हणाली, “भाऊ, मना सासराना बाप खरंच पयी ग्या व्हता का रे? मी साठ वरीस तठे दिवा लावस. मना सासूनी मना हातमा दिन्हा व्हता तो. तू शिकेल माणूस शे. खरं सांग. आते लावू का नको?”

नानांनी दुसऱ्या हाताने पिशवी काखेत सरकवली. मग म्हणाले, “लाव, आक्का. मी मनाने रचलं ते. सुभानजी दरवाज्यातच पडले.”

पुढचं सगळं भराभर झालं. पाटलांनी माफीनामा लिहून घेतला, नानांनी सही केली. कात्री मागून घेऊन फिल्मचा शेवटचा तुकडा स्वतः कापून दिला. तरी दोघा-तिघांनी चुलीची काजळी आणून त्यांच्या तोंडाला फासलीच. भागाक्का ‘नको रे, नको रे’ करत होती.

एस.टी.त सगळी गाडी त्यांच्याकडे बघत होती. मी पुढचं गाव येईपर्यंत दम धरला. मग म्हणालो, “पत्र पिशवीत होतं. का नाही काढलंत? जन्मात एकदा खरं बोललात, आणि तेच खोटं म्हणून सांगितलंत!”

“ती दिवेलागणीला काय करणार, ते मला सुचेना,” नाना म्हणाले. “आपण धुळ्याला निघून येणार. ती तिथेच राहणार ना?”

आठवडाभरात माफीनाम्याची बातमी छापून आली. त्यानंतर नानांवर कधी मोर्चा निघाला नाही. लोक नुसते हसायचे. पुस्तकं दुकानदारांनी परत केली. एवढे दिवस त्यांना हसण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचो. आता मला हसता येईना आणि कारणही कुणाला सांगता येईना.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही देवपुरात उतरलो. बारा वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. दोन खोल्या, एक खाट, एक ताट, एक वाटी. नाना मोरीत बसून तोंडावर पाणी मारत होते आणि काजळी आणखीच पसरत होती.

“ती पाण्याने जायची नाही,” मी म्हणालो. “गोडेतेल लागेल.”

तेल त्यांच्या घरात नव्हतं. मी आमच्या घरून वाटीभर आणलं. नाना खाटेवर लहान मुलासारखे डोळे मिटून बसले आणि मी कापसाच्या बोळ्याने त्यांचं तोंड पुसू लागलो. कपाळ झालं, गाल झाले. काजळी निघाली तरी डोळ्यांखालून ओल येतच राहिली. तेलाची होती की कसली, ते मी विचारलं नाही.

वाटी घेऊन मी उठलो, तशी त्यांनी डोळे उघडले.

“काम नाही काही,” ते म्हणाले. “पण जरा बसता का?”