टिपणिसांचं पाणी

टिपणीस माणसांना अरेतुरे करायचे आणि पाण्याला अहोजाहो. सगळ्या पाण्याला नव्हे हं. पवना नदीवरून नळाने येणारं पाणी त्यांच्या लेखी रस्त्यावरचं. पण तेच पाणी त्यांच्या भट्टीवर उकळून, वाफ होऊन, काचेच्या नळीतून थेंबथेंब खाली उतरायला लागलं की टिपणीस स्टुलावरून उठून उभे राहायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "आले."

पहिल्या दिवशी मी बाटली घेऊन त्यांच्या खोलीत गेलो आणि "जरा पाणी द्या हो" म्हणालो. त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"प्यायचं असेल तर बाहेर माठ आहे. इथे जे आहेत ते ऊर्ध्वपातित. बाटली विसळलीस?"

"हो."

"किती वेळा?"

"एकदा."

"जा. परत विसळ. तीनदा. आणि आत येताना शीळ घालू नकोस."

मी शीळ घालतच नव्हतो. पण भांडणार कोण? मी नवा होतो.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीला औषधाचा कारखाना नुकताच उभा राहिला होता. कुंपणाच्या आत चकचकीत टाक्या आणि कुंपणाबाहेर ज्वारी. मी वनस्पतिशास्त्राचा बी.एस्सी.; बुरशी वाढवायच्या खात्यात चिकटलो, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. सहा महिन्यांनी मोठे साहेब परीक्षा घेणार आणि तीही रसायनाची! "जीवशास्त्रवाल्यांना अणू-रेणू ठाऊक नसतात, पाणी म्हणजे काय ते ठाऊक नसतं," असं साहेबांचं ठाम मत. माझ्याबाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. पास झालो तर पर्मनंट, नाही तर गाशा गुंडाळून गावी. आणि जुन्नरला माझं लग्न ठरलेलं. होणारे सासरे पक्के मुरलेले. म्हणाले, "पर्मनंटचं पत्र दाखवा, दुसऱ्या दिवशी मुहूर्त काढतो." म्हणजे नोकरी आणि बायको, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेल्या. रात्रीची झोप उडाली होती माझी.

मला शिकवायला सवड असलेला कारखान्यात एकच माणूस निघाला. पाच वाजता शिफ्ट सुटली की सगळे सायकली काढून घराकडे सुटायचे. टिपणीस मात्र भट्टी विझली तरी स्टुलावर बसून असायचे. मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, "उद्या पाचला ये. वही नको आणूस. हात आण."

हात आण म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी कळलं.

बाटल्या धुवायला सखाराम म्हणून एक पिंपरी गावातलाच गडी होता. अंगाने चांगला दोन माणसांएवढा. जिथे टिपणिसांची भट्टी होती तिथे पूर्वी त्याच्या घरची ज्वारी उभी असायची, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा. टिपणिसांनी त्याला खोलीच्या मधोमध उभा केला. "हा ऑक्सिजन. ऑक्सिजनला हात किती?"

"दोन," मी म्हणालो. सखारामला दोनच होते.

"शाबास. हायड्रोजनला?"

"दोन?"

"गाढवा! एक!" त्यांनी माझा डावा हात माझ्याच पाठीमागे दाबून धरला, उजवा सखारामच्या हातात दिला, आणि स्वतः एक हात खिशात घालून सखारामचा दुसरा हात धरला. "हा झाला पाण्याचा रेणू. असे नाही रे, एका रेषेत नाही! दोघांनी थोडं पुढे यायचं. बैलाच्या शिंगांसारखं. हं. आता हा ऑक्सिजन आहे मोठा खादाड. दोघांच्या मधले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. ओढ रे सखाराम!"

सखारामने ओढलं. मी आणि टिपणीस दोघं त्याच्या पोटावर आपटलो.

"लागलं न्हाई न्हवं?" सखारामने विचारलं. मग जरा विचार करून म्हणाला, "सायेब, पानी असं वढून धरत असंल तर आमच्या हिरीचं उन्हाळ्यात जातं कुटं?"

टिपणीस इतके खूश झाले की त्यांनी त्या प्रश्नावर पाऊण तास काढला. पाणी एकमेकांना कसं धरून असतं, उन्हाने एकेकाचा हात कसा सुटतो, वगैरे. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही झाडंवाले! शंभर फुटांच्या झाडात पाणी वर चढतात कसे, सांग." मी मुळांचं काहीतरी सांगायला लागलो. त्यांनी हात झटकला. "वरचा एक वाफ होऊन उडतो, तो खालच्याला ओढतो, खालचा त्याच्या खालच्याला. एकमेकांचा हात न सोडता चढतात. चार वर्षं झाडं शिकलास आणि हे नाही शिकलास!"

खरं सांगतो, मला कॉलेजात जे चार वर्षांत समजलं नव्हतं ते त्या खोलीत समजलं. पण माणूस भलताच विक्षिप्त. सगळ्या जगाची वाटणी हातांवर. कारखान्यातला अमुक एकहाती, तमुक चारहाती, कँटीनवाला बघावं तेव्हा दुसऱ्याचे हात मोजणारा. एकदा मी चेष्टेत विचारलं, "आणि तुम्ही हो?"

"मी हेलियम," ते म्हणाले. "हातच नाहीत. कुणाशी जोडायला नको, कुणापासून तोडायला नको. झक्क."

"म्हणून लग्न नाही केलंत?"

"विसळ," ते म्हणाले. माझ्या हातात तेव्हा बाटलीसुद्धा नव्हती.

दुसरं त्यांचं आवडतं बोलणं म्हणजे पाण्याच्या स्वभावाबद्दल. "फार भिडस्त आहेत रे. मीठ आलं, ये. साखर आली, ये. काचेला जरा वेळ टेकले तर काचेतलंही काहीतरी घेऊन बसतात. नाही म्हणताच येत नाही. म्हणून शुद्ध राहत नाहीत. शुद्ध राहायचं तर एकटं राहावं लागतं." हे ते मोठ्या ऐटीत सांगायचे.

"मंग उपेग काय त्या शुद्धाचा?" सखाराम बाटली धुता धुता विचारायचा. त्यावर टिपणीस त्याला बूच फेकून मारायचे.

शुद्धतेचा त्यांच्याकडे पुरावा असे. रोज सकाळी ते परीक्षानळीत आपलं पाणी घ्यायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे, बूच लावून हलवायचे. पाण्यात कणभर जरी मीठ असेल तर ते दुधासारखं गढूळ होतं. टिपणिसांचं कधी झालं नाही. मग जाडजूड नोंदवहीत त्यांच्या सुरेख अक्षरात लिहायचे: "क्लोराईड: नाही." वर्षा-दीड वर्षाची पानंच्या पानं, सगळीकडे "नाही". कुणी नवा माणूस आला की ती वही त्याला दाखवायचे. दुसऱ्या लोकांच्या पाकिटात बायको-मुलांचे फोटो असतात, यांच्याकडे ती वही होती.

मला ती चाचणी शिकवताना मात्र त्यांनी माझ्या बोटावर पट्टी मारली. आमच्या खात्यात नळी हलवताना तोंडावर अंगठा दाबायची वाईट सवय सगळ्यांनाच. "अंगठा नको! अंगठ्याला घाम, घामात मीठ. पाणी बिचारे शुद्ध आणि तू त्यांना बदनाम करणार. बूच लाव!" दहा वेळा मारलं असेल. तरी माझा अंगठा आपला जायचा तिथेच.

दिवाळीत कारखाना ओस पडला. मी गावी जाऊन आलो. आल्या दिवशी पाच वाजता गेलो तर म्हणाले, "काय काय केलंस?" मी थोडक्यात आटोपणार, तर ऐकेचनात. फराळाला काय होतं, ओवाळायला कोण होतं, बहीण किती वाजता आली, काय बोलली, सगळं विचारलं. मी बोलत राहिलो, ते ऐकत राहिले. "आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"भट्टी चालू होती," ते म्हणाले. "बरं. नायट्रोजनला हात किती?"

हळूहळू माझं धाबं दणाणायला लागलं. चार महिने झाले, पाच झाले, तरी आमचं पाणीच चाललेलं. साहेब आम्लं विचारतील, कार्बन विचारतील, माझी पाटी कोरी! एके दिवशी मी चिडलोच. "टिपणीस, कार्बन कधी?"

"घाई काय आहे? पाणी झाले नाहीत अजून."

"मला नोकरीवरून काढतील हो!"

"पाणी नीट आले की बाकीचं आपोआप येतं," म्हणाले आणि परत सखारामला उभा केला. मनातल्या मनात शिव्या घालत मी चिंचवडच्या माझ्या खोलीवर आलो आणि कंदिलाशी पुस्तक घेऊन कार्बन स्वतःच पाठ केला. हा माणूस आपल्याला बुडवणार, अशी माझी खात्री झाली होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठे साहेब तोंडी प्रश्न विचारायला टिपणिसांच्या खोलीतच आले. अणू विचारला, सांगितला. रेणू विचारला, हात पसरून दाखवला. कार्बनचं एकही विचारलं नाही! मी मनात म्हणालो, सुटलो. तेवढ्यात साहेबांनी भट्टीकडे बोट केलं. "या पाण्यात क्लोराईड आहे की नाही, करून दाखवा."

मी नळीत पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. तळवे घामाने निथळत होते. बूच समोरच होतं. आणि मी मूर्खाने अंगठा लावून नळी हलवली.

पाणी पांढरं झालं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काय आहे?"

"क्लोराईड... आहे," मी कसाबसा म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर जुन्नर, सासरे, मुहूर्त सगळं फिरून गेलं. आता साहेब भट्टीतून दुसरी नळी भरणार, ती स्वच्छ निघणार आणि माझा अंगठा उघडा पडणार. दाराशी टिपणीस उभे होते. त्यांनी अंगठा पाहिला होता. त्यांच्या नजरेतून ती गोष्ट सुटणं शक्यच नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बरोबर आहे त्याचं," टिपणीस म्हणाले. "आज पाणी बिघडलेत. नळीचा जोड सुटलाय, नळाचं पाणी आत शिरतंय. सांगणारच होतो."

साहेब चमकले. "टिपणीस, तुमचं पाणी? मग कारखान्याने विश्वास ठेवायचा कुणावर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

"चूक झाली," टिपणीस म्हणाले.

साहेबांनी फर्मावलं, आजचं सगळं पाणी ओतून टाका आणि वहीत नोंद करा. मला म्हणाले, "तुमचं निदान बरोबर." मी पर्मनंट झालो. माझ्याच अंगठ्याचं मीठ ओळखल्याबद्दल!

साहेब गेल्यावर टिपणिसांनी सगळ्या बाटल्या एकेक करून उचलल्या आणि मागच्या मुरमावर ओतल्या. एकही सखारामला ओतू दिली नाही. सखाराम कमरेवर हात ठेवून बघत होता. "येवढं चांगलं पानी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथे उभं राहवेना. मग टिपणिसांनी वही उघडली आणि त्याच सुरेख अक्षरात लिहिलं: "क्लोराईड: आहे." संध्याकाळपर्यंत सगळ्या खात्यांत बातमी. लोक कँटीनमध्ये हसत होते, टिपणिसांच्या पाण्यात मीठ निघालं म्हणून. मीही तिथेच बसलो होतो. खरं सांगायला माझी जीभ उचलली नाही. ती लाज मला अजून आहे.

सातच्या सुमारास मी त्यांच्या क्वार्टरवर गेलो. कारखान्याच्या वसाहतीतली एक खोली. त्यांनी दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाले.

"तुम्ही तुमच्या पाण्याला बट्टा का लावून घेतलात?" मी आत पाऊल टाकतच विचारलं. माझा आवाज चढला होता.

"ते काय, उद्या परत उतरतील," ते म्हणाले.

"मला इतकं वाचवायचं होतं तर सहा महिने पाण्यातच का घोळवत ठेवलंत? पुढचं का नाही शिकवलंत?"

 ते खाली बघत म्हणाले, "पुढचं शिकवलं असतं तर संपलं असतं की रे. मग तू कशाला आला असतास?"

मी भुईवर बसलो, तेही समोर टेकले.

"पाच वाजले की दाराकडे बघायची सवय लागली. पन्नाशी उलटल्यावर असल्या सवयी लावून घेऊ नयेत. लागली."

"पण आता मी पर्मनंट झालो," मी म्हणालो. "लग्न होईल. पाचला मी घरीच जाणार ना आता?"

"माहितीय मला. घरी जाशील. पण चिंचवडातच जाशील ना? गावाला तर नाही. सायकलवरून जाताना दिसशील."

एवढं बोलून ते उठले आणि शेगडीकडे गेले. "जेवलास?" मी नाही म्हणालो. त्यांनी खिचडी वाढली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी म्हणालो, तुम्हीही बसा. तेव्हा कळलं की घरात ताट एकच आहे. दुसरं कधी लागलंच नव्हतं. मी जेवलो. मग त्यांनी तेच ताट धुतलं, त्यात स्वतःला वाढून घेतलं, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत मी समोर बसून राहिलो.