नसांना परवानगी

सन १९३२ च्या माघात धुळ्याच्या अभिमन डॉक्टरांनी दवाखान्यावर पाटी लावली: 'काळजातील बारीक नसा चेतवल्यास काय होते, ते रविवारी सूक्ष्मदर्शकातून दाखवले जाईल. फुकट.' यकृत लिहिलं तर कुणी फिरकणार नाही, म्हणून त्यांनी काळीज लिहिलं आणि तिथेच घात झाला. 'काळीज' आणि 'चेतवणे' हे शब्द कायदेभंगाच्या त्या वर्षी एका ओळीत लिहायची सोय नव्हती.

रविवारी सर्वांत आधी फौजदार आले. बेशुद्ध बेडकाच्या यकृताची पातळ कड भिंगाखाली होती. डॉक्टरांनी औषधाचा थेंब टाकला. नसा आवळल्या, रक्त अडलं. थोड्या वेळाने त्या पुन्हा मोकळ्या झाल्या.

"आपेआप उघडी ग्यात, दादा!" भिंगाला डोळा लावलेला झुलाल ओरडला. तो कापडण्याहून पोटदुखीचं औषध न्यायला आला होता.

फौजदारांनी वही काढली. "बंद करायचा हुकूम तुमचा, डॉक्टर. उघडायचा कोणाचा?"

"कोणाचाच नाही, साहेब. त्यांचं त्या बघतात."

"वर काही कळवतात?"

"बहुतेक वेळा नाही."

फौजदारांनी लिहिलं, 'सदर यकृतात स्वराज्य आढळले.' बेडूक मुद्देमाल म्हणून जप्त झाला. पंचनाम्यात त्याच्या धंद्याच्या रकान्यात 'उड्या' अशी नोंद झाली.

आठ दिवसांनी मामलेदारांनी डॉक्टरांना कचेरीत बोलावलं. नसा सरकारी परवानगीनेच उघडल्या, असा जबाब लिहून द्यायचा, नाहीतर दवाखान्याला टाळं. परवानगीचा कागद मागची तारीख घालून तयारच होता.

"माझं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा."

झुलालला आत आणलं. त्याने दारातल्या शिपायाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माले काहीच दिसनं नही, साहेब. मना डोयाले झापड शे."

त्याच्यामागून आणलेल्या, रविवारी भिंगातून पाहिलेल्या नऊ जणांनाही त्या दिवशी झापडच होती. डॉक्टरांनी घाम पुसला आणि सही केली. दवाखाना वाचला, झुलालला औषधही मिळालं. मला डॉक्टरांचा राग येतो आणि झुलालचा तर फारच येतो.

वाचकहो, नसा उघडल्या तेव्हा तुम्हीही हजर होतात. मग सांगा, आपोआप उघडल्या की हुकमाने? मोठ्याने सांगा. आणि आधी दाराकडे कशाला बघताय?